लसकाका

परदेशातला मराठी माणूस पहिल्या वर्षी मंडळात शिरतो, पाचव्या वर्षी कार्यकारिणीवर जातो आणि विसाव्या वर्षी त्याला 'मार्गदर्शक' करतात. मार्गदर्शकाला हार, शाल आणि पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते. माइक मिळत नाही. हॅरोमधल्या आमच्या काकांच्या वाट्याला हे सगळं २०१५ च्या गणपतीत आलं. तोवर उत्सवाचा हॉल ठरवणं, मूर्ती वर्षभर गॅरेजमध्ये सांभाळणं, आरती चालू असताना इंग्रजांच्या दारापुढे लावलेल्या मराठी गाड्या हलवायला लावणं, ही कामं काका एकहाती करत आले होते. मग आयटीतली तरुण मंडळी आली. त्यांनी नावनोंदणी ऑनलाइन केली, प्रसादाच्या ताटांना क्यूआर कोड लावला आणि काकांना शाल दिली.

कार्यकर्ता ही जमातच अशी की तिला कार्य लागतं. काकूंनी त्यांना बागेत गुंतवून पाहिलं. आठवडाभरात काकांनी शेजारच्या इंग्रज आजींची गुलाबाची झाडं त्यांना न विचारता छाटली. आजी तशा सभ्य. त्यांनी काकूंना फक्त एक कार्ड पाठवलं. ते वाचून काकूंनी काकांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाल्या, "जा, तुमच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, त्या तरी घेऊन या."

काका मेडिकलमध्ये गेले. ते अजून मेडिकलच म्हणतात. तिथे काचेवर पाटी होती: फ्लूची लस इथे टोचून मिळेल. त्या सप्टेंबरपासून इंग्लंडभरच्या फार्मसींना सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, खर्चानं ही लस द्यायची मुभा मिळाली होती. त्याआधी अशी सोय काही भागांतच होती, बाकीच्यांनी आपल्या जीपीच्या दवाखान्यात नंबर लावायचा. काकांना नुकतीच पासष्ट पुरी झालेली, म्हणजे लस फुकट. ते आत गेले, बाही वर केली आणि दहा मिनिटांनी बाहेर आले ते कार्य सापडूनच. बाहेर बसस्टॉपवर त्यांच्या तावडीत पहिला आला तो माझा नवरा. त्याला लहानपणापासून दमा, रोज पंप घ्यावा लागतो, म्हणजे तोही फुकटवाल्यांतला. काका त्याला दंडाला धरून दुकानात घेऊन गेले. ऑफिसला उशीर होतोय असं तो म्हणाला, तर म्हणाले, "न्यूमोनियानं किती उशीर होतो माहितेय का?"

तेव्हापासून ते लसकाका. हे नाव त्यांच्या पाठीमागे पडलं, पण त्यांच्या कानावर गेल्यावर त्यांना आवडलं.

काकांचा आणि या विषयाचा संबंध तसा जुना. त्यांचं बालपण परळच्या चाळीत गेलं, हाफकिन इन्स्टिट्यूटच्या हाकेच्या अंतरावर. गल्लीतला चेंडू कोणाच्याही खिडकीत गेला तरी ते आज सांगताना तो हाफकिनच्या आवारातच नेतात. सत्तरच्या दशकात ते इथे आले आणि ब्रिटिश रेल्वेच्या सिग्नल खात्यात चिकटले. येताना विमानतळावर देवीची लस टोचून घेतल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला दाखवावा लागला होता. तो दाखला त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलाय. लग्नाचा अल्बम काकूंना शोधावा लागतो. दाखला काकांच्या हाताशी असतो. दंडावर देवीचे दोन गोल वण आहेत, तेही ते पाहुण्यांना चहाबरोबर दाखवतात.

दुकान आमच्या हाय स्ट्रीटच्या टोकाला आहे. बाहेर हिरवा क्रॉस, आत शांपू, टूथब्रश, वाचायचे तयार चष्मे, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणि काउंटरमागे नावं लावून ठेवलेल्या औषधांच्या कागदी पिशव्यांची फडताळं. मालक मोटाभाई मूळचे कंपालाचे. १९७२ साली इदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, त्या लोंढ्यात ते शाळकरी वयात इथे आले, शिकले, फार्मसिस्ट झाले, दुकान घेतलं. आता त्यांची मुलगी फार्मसिस्ट आहे आणि मोटाभाई निवृत्त आहेत, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काउंटरशेजारच्या स्टुलावर बसून निवृत्त असतात. मुलीला सगळे बेन म्हणतात. तिचं गुजराती आजीपुरतं आणि मराठी काकांपुरतं. तेवढ्या मराठीत तिला "बाही", "बसा", "झालं" आणि "काका, प्लीज" एवढं येतं.

लस टोचायची खोली म्हणजे पूर्वी जिथे लंगोटांची खोकी ठेवायचे ती कोठी. आता तिथे दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, हात धुवायचं बेसिन आणि वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा आहे. अचानक कोणाला लसीची ॲलर्जी उसळलीच तर द्यायचं ॲड्रिनलिन हाताशी ठेवलेलं असतं. बेन आधी प्रश्न विचारते. आज ताप आहे का, पूर्वी कुठल्या लसीचा त्रास झाला होता का, कसली ॲलर्जी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. काका दरवर्षी हे प्रश्न तिनं विचारायच्या आत उत्तरतात: "नाही, नाही, नाही, ॲस्पिरिन." तिनं एकदा मुद्दाम क्रम बदलला. काकांनी चारही उत्तरं परत घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लावलं. सिग्नल खात्यातला माणूस.

फ्रीज मात्र त्यांचा खास लोभाचा विषय. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. दोनच्या खाली गोठून वाया जायची भीती, आठच्या वर ती मंदावते. बेन रोज तापमान वहीत लिहिते. काका बीपीच्या गोळ्यांच्या निमित्तानं दुकानात डोकावले की काउंटरवरून मान लांब करून विचारतात, "किती?" ती आतून सांगते, "पाच." काका समाधानानं मान डोलावतात आणि गोळ्या न घेताच निघून जातात. गोळ्या पुढच्या आठवड्यात संपणार असतात.

पण हे सगळं ऑक्टोबर उजाडेपर्यंतचं. काकांचा खरा मोसम ऑक्टोबरपासून. सप्टेंबरात गरोदर बायका आणि मुलांचं सुरू होतं, त्यात काकांना फारसा वाव नसतो. ऑक्टोबरात ज्येष्ठ नागरिकांचं दार उघडलं की त्यांचा पहिला निरोप मंडळाच्या ग्रुपवर पडतो: "सैल बाहीचे कपडे घालून यावे. स्वेटरच्या आत स्वेटर नको. ब्लाउजची बाही घट्ट असलेल्या भगिनींनी कुर्ता घालावा." मराठी संस्थेच्या निरोपात 'भगिनी' हा शब्द मी अनेक वर्षांनी त्यातच वाचला.

पात्र कोण, याची यादी त्यांना तोंडपाठ आहे आणि ते ती वापरतात मात्र वकिलासारखी. पासष्टीवरचे सगळे पात्र, दम्याचे पात्र, हृदयाचे पात्र, मधुमेहाचे पात्र. हा शेवटचा गट आमच्या समाजात मोठा, पण अदृश्य. कोजागरीला मसाला दुधाचा तिसरा पेला उचलताना कोणाला साखर नसते. दिवाळीला करंज्यांच्या ताटाभोवती तर अख्खं हॅरो निरोगी असतं. पण खासगीत ही लस वीस पौंडांच्या आसपास पडते आणि मधुमेह्याला फुकट मिळते, असं कळल्यावर ज्या माणसांना मी वर्षानुवर्षं श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीसह ओळखते, त्यांनी भर रांगेत, खणखणीत आवाजात आपल्या साखरेची एचबीएवनसी सांगितलेली मी ऐकली आहे. त्यांच्या बायकाही तिथेच उभ्या होत्या. त्यातल्या दोघींनी तो आकडा पहिल्यांदाच ऐकला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. काकांच्या खात्यावर त्या वर्षी दोन घरांतली भांडणंही जमा झाली.

पन्नास ते चौसष्टवाल्यांची कथा आणखी करुण. कोविडच्या काळात त्यांनाही काही हिवाळे ही लस फुकट मिळाली. २०२३ च्या हिवाळ्यापासून ती सवलत गेली. आयटीतली मंडळी, काकांना शाल देणारी, नेमकी तेव्हाच पन्नाशीत शिरत होती. काकांना याचा आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण "तुम्ही आता पैसे भरून घ्या, वीस पौंड" हे वाक्य ते त्यांना जरा सावकाश म्हणत.

माझ्यासाठीही त्यांनी एकदा खटपट केली. म्हणाले, "तुझ्या सासूबाईंची काळजी कोण घेतं? तू. मग तू केअरर." बेननं अदबीनं विचारलं, सासूबाईंना काय मदत लागते? मला खोटं बोलता येईना, कारण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या आणि माझी पर्स, छत्री आणि भाजीची पिशवी त्यांच्याच हातात होती. मी पौंड मोजले.

ऑक्टोबरातली दुसरी अडचण म्हणजे नवरात्र. इथला गरबा शाळांच्या मोठमोठ्या हॉलांमधून चालतो आणि त्यात मराठी मंडळी गुजरात्यांपेक्षा उशिरापर्यंत नाचतात. टोचलेला दंड दुसऱ्या दिवशी ठणकतो. मग दांडिया कोणत्या हाताची? काकांनी यावर तोडगा काढला: डावखुऱ्यांनी उजव्या दंडात, इतरांनी डाव्यात, आणि दोन दिवस एकाच टिपरीनं खेळावं. मोटाभाईंना हा अधर्म वाटला. ते स्टुलावरून उठले, जे ते सहसा उठत नाहीत, आणि एका टिपरीनं दांडिया होत नाही हे त्यांनी दुकानाच्या मध्यभागी करून दाखवलं. त्या गडबडीत रबरी पिशव्यांचा स्टँड पडला. दोघांनी तो उभा केला आणि मग अर्धा तास कंपालातली नवरात्र आणि परळमधली नवरात्र यांची तुलना चालली. रांगेतल्या इंग्रज बाई गुडघेदुखीचं मलम हातात धरून हे सगळं बघत होत्या. त्यांचंही टोचून झालं त्या दिवशी. काकांनी त्यांना विचारून घेतलं होतं की त्यांचं वय किती. त्यांना कोणी इतक्या वर्षांत हे विचारलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या की कौतुकानं, ते कळलं नाही.

लस टोचून झाल्यावर फार थांबायची गरज नसते. काका थांबवतात. दुकानाबाहेर नगरपालिकेचं एक बाकडं आहे, त्यावर ते काकूंच्या चहाचा थर्मास आणि पार्लेजीचा पुडा घेऊन बसलेले असतात. लस घेतलेल्या माणसानं पाव तास तिथे टेकायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या माणसाला फोन करायचा, हा त्यांचा नियम. बेननं सांगून पाहिलं की नियमात चहा नाही. "काका, प्लीज." काका म्हणाले, "ह्याला मी कार्य मानतो, आणि कार्याला आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही." मग त्यांनी रांगेतल्या मधुमेह्यांकडे पाहिलं आणि बिस्किटांचा पुडा खिशात ठेवला.

लोकांच्या शंकांना मात्र काका भितात असं नाही. शंका नसली तर त्यांचाच हिरमोड होतो. "मागच्या वर्षी लस घेतली आणि दोन दिवसांत फ्लू झाला" असं सांगणारा माणूस प्रत्येक वर्षी येतो. काका त्याला बाकड्यावर बसवतात. दंडात टोचतात त्या लसीतला विषाणू निकामी केलेला असतो, त्यानं फ्लू होऊच शकत नाही, हे ते आधी सांगतात. अंगात पुरती प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे जातात, हे नंतर. आणि मग त्यांचं हुकमी वाक्य येतं: "सिग्नल पडला म्हणजे गाडी पोचली असं नाही, साहेब. मधे रूळ असतात." हे वाक्य ऐकून कोणाची शंका फिटल्याचं मी पाहिलेलं नाही. पण एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाशी थंडीत वाद घालण्यापेक्षा टोचून घेतलेलं बरं, असं बहुतेकांना वाटतं.

लस शंभर टक्के वाचवते असं काका कधी सांगत नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा म्हणायला हवा. पुढच्या हिवाळ्यात कुठले विषाणू फिरतील याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आदल्या फेब्रुवारीतच बांधतात, कारण लस बनवायला महिनेच्या महिने लागतात. कधी अंदाज जुळतो, कधी हुकतो. "आपल्याकडे मेच्या सुट्टीत कोण कोण उतरणार आहे हे एप्रिलअखेर कळत नाही," काका म्हणतात, "ते बिचारे तर आठ महिने आधी सांगतायत." पूर्वी लसीत चार विषाणू असत. त्यातला बी-यामागाता नावाचा एक मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलाच नाही. कोविडच्या टाळेबंदीत तो नाहीसा झाला असं मानतात, म्हणून त्याला आता लसीतून वगळलंय. काकांना ही बातमी कळली त्या दिवशी त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. शत्रू खरा, पण इतक्या वर्षांचा. "चारांतला एक गेला," ते काकूंना म्हणाले. काकूंनी घाईघाईनं विचारलं, "कोण हो? ठाण्याचे का?"

भारतातून पाहुणे आले की लोक त्यांना बिग बेन, मादाम तुसाँ आणि बाबासाहेबांचं घर दाखवतात. काका त्यांना गाडीत घालून ग्लॉस्टरशरमधल्या बर्कलीला नेतात. का, तर तिथे एडवर्ड जेन्नरचं घर आहे. १४ मे १७९६ रोजी जेन्नरनं गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातला द्राव आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला आणि देवीच्या लसीची सुरुवात झाली. जाताना अडीच तास, येताना अडीच तास, मधे गायीची हकिगत. त्या गायीचं नाव ब्लॉसम, आणि तिचं कातडं आजही टुटिंगच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयाच्या ग्रंथालयात भिंतीवर आहे, हे सांगून काका फोनवर त्याचा फोटो दाखवतात. साताऱ्याहून आलेल्या एका मावशींनी त्या फोटोला नमस्कार केला. त्यांच्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "केलाच पाहिजे."

परतीच्या वाटेवर राग काढायला ट्रॅफल्गर स्क्वेअर असतो. जेन्नरचा पुतळा १८५८ मध्ये तिथे बसवला आणि चार वर्षांत उचलून केन्सिंग्टन गार्डन्समध्ये नेऊन ठेवला. सिंध जिंकणारा नेपियर चौकातच राहिला. सत्तावनच्या बंडात लढलेला हॅवलॉकही राहिला. काका त्या दोघांच्या मधे उभे राहून पाहुण्यांना विचारतात, "ह्यांनी माणसं किती वाचवली?" पाहुणे थकलेले असतात. त्यांना एव्हाना मादाम तुसाँ बंद व्हायची वेळ कळलेली असते.

मुंबईचा विषय निघाला की मात्र काका मोकळे होतात. जेन्नरनंतर सहा वर्षांत, १४ जून १८०२ ला, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. लस बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेनं आली होती, एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात, असं करत करत. "तेव्हा फ्रीज कुठला? माणसंच फ्रीज," असं म्हणून ते बेनच्या फ्रीजकडे पाहतात. पुढे १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिननं ती आधी स्वतःला टोचून घेतली. इथवर आलं की काका परळला पोचलेले असतात आणि चेंडू पुन्हा हाफकिनच्या आवारात जातो.

काकांना गेल्या वर्षी पंचाहत्तर पुरी झाली. मुलानं मोठा हॉल घेऊन पंचाहत्तरी करायचं म्हटलं. काकांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीत होतं. पासष्टीला न्यूमोकॉकल झाली, सत्तरीला शिंगल्स झाली, आता पंचाहत्तरीला आरएसव्ही लागू झाली होती. शिवाय कोविडची लसही वयाच्या हिशेबानं आता पंचाहत्तरीवरच्यांनाच मिळते, तीही त्याच ऑक्टोबरात. फ्लू एका दंडात, कोविड दुसऱ्यात. वाढदिवसाच्या केकचा फोटो त्यांनी कोणाला पाठवला नाही. दोन्ही दंडांवर कापसाचे बोळे चिकटवलेला फोटो सगळ्यांना पाठवला.

त्याच मोसमात त्यांना त्यांच्या तोडीचा माणूस भेटला. कोथरूडचे एक निवृत्त मुख्याध्यापक मुलीकडे सहा महिने राहायला आले होते. काकांनी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला लस घ्यायला दुकानात आणलं. सर दारातच थांबले.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"डॉक्टर नाहीत. ह्या फार्मसिस्ट आहेत, ह्याच टोचतात."

"कुठल्या अधिकारात?"

काका या प्रश्नाची दहा वर्षं वाट पाहत होते. इथल्या कोणी तो कधी विचारला नव्हता. त्यांनी सरांना सांगितलं की फार्मसिस्टसाठी एक लेखी आदेश असतो: लस कोणाला द्यायची, कोणाला नाही, किती द्यायची, काही बिघडलं तर काय करायचं. त्यावर डॉक्टर आणि फार्मसिस्ट दोघांच्या सह्या असतात. शिवाय टोचायचं प्रशिक्षण असतं, कोणी कोसळलं तर सांभाळायचं असतं.

"आदेश दाखवा."

बेननं तो फाइलमधून काढून दिला. सरांनी चष्मा बदलला आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली.

"हा सरकारी लसीचा. आम्ही पैसे देऊन घेणार. आमचा वेगळा असेल."

बेननं वेगळा काढून दिला. मोटाभाई स्टुलावरून थोडे पुढे सरकले. असं गिऱ्हाईक त्यांनी कंपाला सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

"आमच्याकडे," सर पान उलटत म्हणाले, "मेडिकलवाला लस बर्फाच्या पिशवीत देतो आणि ती घेऊन आपण डॉक्टरांकडे जातो. दोन माणसांच्या नजरेखालून जाते."

"आणि वाटेत बर्फ वितळला तर?"

"पुण्यात बर्फ वितळायच्या आत दवाखाना येतो."

"ट्रॅफिकमध्ये?"

सरांनी उत्तर दिलं नाही. काकांनी तेवढ्यात फ्रीजचा, दोन ते आठ अंशांचा आणि बसऱ्याच्या वाटेचा मुद्दा मांडून घेतला. सरांनी बसऱ्याचं साल तपासून पाहिलं. मग पौंडांचे रुपये केले आणि काही बोलले नाहीत. आदेशाच्या शेवटच्या पानावर ते पोचले तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं आणि त्यांच्या पत्नी बाही खाली करत बाहेर आल्या.

"झालं. चला."

"मला न विचारता?"

"तुम्ही वाचत होतात."

सरांनी फाइल बंद केली, आत गेले आणि बेनला सुई किती मिलिमीटरची आहे ते विचारलं. तिनं पंचवीस सांगितल्यावर "ठीक" म्हणाले. बाहेर बाकड्यावर त्यांनी काकूंचा चहा घेतला, आलं कमी आहे असं सांगितलं आणि दुसरा कप मागितला. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत दर बुधवारी ते आणि काका त्याच बाकड्यावर भांडत बसलेले दिसायचे. विषय लस असायचाच असं नाही.

पुण्याला परतल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, सरांनी काकांना एक फोटो पाठवला. त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर, वळणदार अक्षरात:

"फ्लूची लस. रविवार, सकाळी १० ते ११. सैल बाहीचे कपडे घालून यावे. 'डॉक्टर कुठे आहेत' असे विचारू नये, समोरच बसलेले असतील. आपल्याला काही होत नाही असे वाटणाऱ्यांनी ते घरी बसून वाटू द्यावे. ११ नंतर येणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आजारी पडावे. लस घेतल्यावर चहा मिळणार नाही."

काकांनी तो फोटो दोनदा वाचला. मग चहाचं वाक्य काढलं, डॉक्टरांच्या जागी बेनचं नाव घातलं, तारीख ऑक्टोबरची टाकली आणि खाली स्वतःची सही करून तो मजकूर आमच्या ग्रुपवर पाठवून दिला.